खुर्चीशिवाय कार्ड नाही

ग्राफिक्स कार्ड आणायला मी घरातून निघालो तेव्हा सोबत कापडी पिशवी घेतली होती, हे आधीच कबूल करून टाकतो. ती पिशवी पुढे सर्वज्ञांनी इमारतभर गाजवली. त्यांच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेलं बरं.

कार्ड मला नको होतं, बायकोला हवं होतं. मी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी हिने घराच्या अंतर्गत सजावटीचा कोर्स पुरा केला. म्हणजे एकाच घरात एक माणूस कामातून सुटला आणि दुसरा कामाला लागला. सुरुवातीला ओळखीतली दोन स्वयंपाकघरं, कुणाच्या तरी कपाटाची भिंत, असं किरकोळ चालू होतं. मग दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी हिला अख्खा नवा दवाखाना दिला. अट एकच. वीस तारखेला दवाखाना पडद्यावर उभा हवा, आणि आपण दारातून शिरून थेट तपासणीच्या खोलीपर्यंत चालत गेलो असं वाटलं पाहिजे. आमचा कॉम्प्युटर दारापर्यंत नीट जायचा. तिथे तो घरघरायला लागायचा, तापायचा आणि उंबऱ्यातच बसकण मारायचा.

"अहो, याला ग्राफिक्स कार्ड लागेल," ही म्हणाली.

"कार्डच ना? उद्या आणतो," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांसमोर वाचनालयाचं कार्ड होतं.

"तुम्ही आणाल? मी जाते की."

हे मात्र मला लागलं. तीस वर्षं मी दुकानदारांचे तराजू तपासले. मी गल्लीत शिरलो की काटे आपोआप मध्यावर येतात असं म्हणायचे. म्हणजे माझा शिपाईच म्हणायचा, पण तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. अर्ध्या ग्रॅमला न फसलेल्या माणसाला एक कार्ड आणता येऊ नये?

जिन्यात सर्वज्ञ भेटले. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. "मला माहीत नाही" हे तीन शब्द त्यांच्या तोंडून अद्याप कुणी ऐकलेले नाहीत. त्यांनी जिन्यातच मला पाऊण तास उभं करून शिकवलं. कार्ड करणाऱ्या कंपन्या दोन. एकीच्या खोक्यावर गरुड असतो, ती मोठी. दुसरीच्या खोक्यावर खार असते, ती लहान. "काम दोन्ही सारखंच करतात," सर्वज्ञ म्हणाले, "पण घ्यायचा तो गरुडच. का म्हणून विचारू नका." मी विचारलं. ते म्हणाले, "सगळे तोच घेतात म्हणून."

कॉम्प्युटरच्या सामानाची गल्ली पाण्याच्या टाकीमागे आहे. समोरासमोर आणि शेजारीशेजारी मिळून सात दुकानं. पहिलं दुकान सगळ्यांत मोठं. त्याचे मालक व्यापारी संघाचे अध्यक्ष. तसा पितळी बिल्लाच त्यांच्या खिशावर होता.

"गरुडाचं कार्ड हवंय," मी म्हणालो.

"आहे ना काका. खुर्चीचा रंग कोणता देऊ?"

"खुर्ची नको. कार्ड."

"कार्ड एकटं नाही मिळत," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात अशी काही माया होती की जणू कार्डाला एकटं पाठवायला त्यांचाच जीव होत नव्हता. "कार्ड, त्यासोबत खुर्ची. वरून तसं ठरलंय. माल कमी आहे ना, जहाज अडकलंय."

दुसऱ्या दुकानात गेलो. तोच भाव, तीच खुर्ची, तेच जहाज. तिसऱ्या दुकानातही तसंच. चौथ्या दुकानदाराने जहाजाऐवजी "बोट" म्हटलं तेव्हा मला उगाच आशा वाटली, पण भाव शेवटच्या आकड्यापर्यंत तोच निघाला. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत शेजारशेजारच्या दोन दुकानांत एक किलोचं वजनसुद्धा तंतोतंत सारखं भरलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बरं, खारवाल्या कंपनीचं दाखवा," मी पाचव्या दुकानात म्हणालो.

दुकानदाराने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज उतरवून म्हणाला, "काका, असलं आम्ही ठेवत नाही." मी त्याच्याकडे काही भलतंच मागितलं की काय, असं मला क्षणभर वाटून गेलं. सहाव्यानेही तेच सांगितलं. सातवं दुकान एका बाईंचं होतं. त्या भिंगातून कसलीशी हिरवी पट्टी बघत बसल्या होत्या. त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं, माझ्या खिशातलं पेन आणि हातातली वही पाहिली आणि म्हणाल्या, "खार? ते काय असतं?"

माझी जुनी खोड अशी की दुकानात शिरलं की मी नोंदी करत सुटतो.

वीस तारखेला बारा दिवस उरले होते. मी नाइलाजाने पहिल्या दुकानात परत गेलो आणि कार्डाचे व खुर्चीचे असे दोन्हींचे पैसे भरले. खुर्ची लगेच मिळाली. कार्डासाठी मिळाला एक नंबर.

खुर्चीचं वर्णन करणं माझ्या स्वभावात बसत नाही, तरी करतो. ती लाल-काळी होती. शर्यतीच्या गाडीतून उपटून आणल्यासारखा तिचा आकार होता. पाठीला दोन पंख, मानेला उशी, आणि कडेने निळे दिवे, जे बंद करायचं बटण कंपनी द्यायला विसरली होती. ती लिफ्टमध्ये मावेना. मग मी आणि वॉचमन ती जिन्याने वर न्यायला लागलो. मध्येच सर्वज्ञांनी "तिरकी धरा" म्हणून सूचना केली, तिच्या बाजूचा एक दांडा खटकन सुटला आणि खुर्ची पसरून आडवी झाली. तिच्यावर मीही आडवा झालो. अशा अवस्थेत, निळ्या उजेडात, मी दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलकाकांच्या दाराशी पोचलो. वकीलकाकांनी दार उघडलं, खाली पाहिलं आणि विचारलं, "अँब्युलन्स बोलावू का?"

घरी हिने खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "आणि कार्ड?"

"येतंय. नंबर लागलाय."

चार दिवसांनी मी नंबर घेऊन गेलो. अध्यक्षांनी हात जोडले. "काका, भाव वाढला. वरचा फरक भरावा लागेल."

"मी आधीच्या भावाने पैसे भरलेत. फरक भरणार नाही. पैसे परत द्या."

"परत द्यायची पद्धत नाही आपल्याकडे. तेवढ्याचा माल घ्या."

"कुठला माल?"

यावर जे घडलं ते सांगताना अजून कान तापतात. मी दुसरी खुर्ची घेऊन घरी आलो.

त्या दुपारी मी ठरवलं की आता हा प्रश्न कार्डाचा नाही, तत्त्वाचा आहे. बायको म्हणाली, "माझ्यासाठी कार्डाचाच आहे. आठ दिवस राहिलेत." पण माझं रक्त तापलं होतं. बाजारात दुकानदारांनी एकमेकांत संगनमत केलं तर त्याविरुद्ध दाद मागायला सरकारने स्पर्धा आयोग नावाचं कार्यालय उघडलेलं आहे, हे मला नोकरीतल्या परिपत्रकांवरून माहीत होतं. मी तडक तिकडे गेलो.

इमारतीत बातमी पसरली की मी स्पर्धेत उतरलोय. "कसली हो स्पर्धा? वक्तृत्व का?" तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं आणि उत्तर न ऐकताच "या वयात धावायची नको हं," म्हणून बजावलं.

स्पर्धा आयोगाचं कार्यालय चौथ्या मजल्यावर होतं. खिडकीपलीकडच्या कारकुनाने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. असा शांतपणा मी स्वतः तीस वर्षं वापरलेला असल्यामुळे मला त्याची धास्तीच वाटली.

"संबंधित बाजार कोणता?" त्याने विचारलं.

"पाण्याच्या टाकीमागे. डावीकडे वळलं की लगेच."

"काका, बाजार म्हणजे जागा नव्हे. बाजार म्हणजे अशा सर्व वस्तू, ज्या ग्राहकाच्या दृष्टीने एकमेकींच्या जागी चालतात. आता खुर्ची ही कार्डाच्या जागी चालते का?"

"नाही चालत! हीच तर तक्रार आहे!"

"मग ते तसं लिहा. पाच प्रतींत. आणि पुरावा जोडा."

"सातही दुकानांत एकच भाव आहे, हा पुरावा नाही?"

"तो योगायोगही असू शकतो. त्यांनी मिळून ठरवलं, असा लेखी कागद हवा. बैठक, ठराव, सह्या, असं काही." मग त्याला दया आली असावी. "काका, असा कागद कुणी सहसा करत नाही," तो म्हणाला.

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं.

पुरावा गोळा करायला मी इमारतीतली माणसं कामाला लावली. प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या दुकानात जायचं, साधं गिऱ्हाईक म्हणून भाव विचारायचा आणि चिठ्ठीवर लिहून आणायचा. वकीलकाका आयुष्यभर भाडेकरूंचे खटले लढले, पण त्यांना एकदा तरी गुप्तपणे काहीतरी करायची इच्छा होती. ते नातवाची टोपी उलटी घालून गेले. दुकानदाराने त्यांना बसायला स्टूल आणि प्यायला पाणी दिलं आणि कुणाबरोबर आलात म्हणून चौकशी केली. सर्वज्ञ गेले ते दुकानदाराला कार्ड म्हणजे काय हे समजावत बसले आणि येताना खुर्ची घेऊन आले. "स्वस्तात पडली," ते म्हणाले. स्वस्तात नव्हती पडली. चिठ्ठीवर त्यांनी स्वतःच्या हाताने भाव लिहिला होता.

अकरा चिठ्ठ्या आल्या आणि अकरांवर एकच आकडा. मी त्या टेबलावर ओळीने मांडल्या. ऊर भरून आला. त्याच टेबलावर हिला दवाखान्याचे नकाशे पसरायचे होते. तिने माझ्या चिठ्ठ्या गोळा करून माझ्या हातात दिल्या. "पाच दिवस," ती म्हणाली.

मग पार्किंगमध्ये बैठक झाली. कल्पना माझी, मसुदा वकीलकाकांचा. दुकानदार एक होऊन भाव चढवतात, तर आपण एक होऊन उतरवू! अकरा घरांनी मिळून अकरा कार्डं घ्यायची आणि भाव आपण सांगायचा. निम्म्या घरांना कार्ड कशाला लागतं हे माहीत नव्हतं, पण चिडायला सगळे तयार होते. वकीलकाकांनी ठराव खड्या आवाजात वाचला. "आम्ही खाली सह्या करणार, एकमताने व संगनमताने असे ठरवतो की, अमुक भावापेक्षा एक पैसाही जास्त देणार नाही, जो देईल त्याची पार्किंगची जागा काढून घेतली जाईल, आणि जे दुकान हा भाव मानणार नाही त्याच्यावर आम्ही सर्व मिळून बहिष्कार टाकू."

"ते 'संगनमताने' कशाला?" मी हळूच विचारलं.

"वजन येतं त्याने," वकीलकाका म्हणाले.

वजनाचं नाव काढल्यावर मी काय बोलणार? अकरा सह्या झाल्या. पहिली माझी. सात प्रती काढून मी जातीने सातही दुकानांत वाटल्या आणि प्रत्येकाकडून पोच घेतली. त्याच फेरीत अकरा चिठ्ठ्या जोडून पाच प्रतींतली तक्रार आयोगातही दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तर पडद्यावर दवाखान्याचं दार उघडत होतं. दारातून आपण आत शिरत होतो. डावीकडे बाक, उजवीकडे काचेचं कपाट, समोर खिडकीतून ऊन. कॉम्प्युटर हूं की चूं करत नव्हता.

"हे कसं झालं?" मी विचारलं.

"कार्ड आणलं," ही म्हणाली. "शेवटच्या दुकानातून. खारवालं."

"त्या बाईंकडे नाहीये! मी विचारलं होतं!"

"तुम्ही वही घेऊन गेला होतात. त्यांना वाटलं तुम्ही गरुडवाल्यांचे हेर." हिने माऊस फिरवला आणि आम्ही दोघं तपासणीच्या खोलीत शिरलो. "मी म्हटलं, ताई, माझं पहिलं मोठं काम आहे, पाच दिवसांत द्यायचंय. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि काउंटरखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काढून दिलं. खुर्ची नाही, काही नाही. खारीचं खोकं काचेत दिसलं तर गरुडवाले त्यांचा सगळा माल बंद करतात, म्हणून बिचाऱ्या लपवून ठेवतात. सारखी धडधड असते म्हणाल्या."

"किती वेळ लागला?"

"पंधरा मिनिटं. त्यात दहा मिनिटं गप्पा."

मी खाली बसलो. बसलो तो नेमका दुसऱ्या खुर्चीवर, आणि तीही पहिलीसारखी पसरली, त्यामुळे पुढचं वाक्य मला आडवं होऊन बोलावं लागलं. "मग माझा लढा?"

"चालू ठेवा की," ही न वळता म्हणाली. "फक्त मला हे टेबल लागेल."

वीस तारखेला डॉक्टरीणबाई येऊन पडद्यावरच्या दवाखान्यातून तीन वेळा चालून गेल्या आणि जाताना हिला दुसऱ्या शाखेचंही काम देऊन गेल्या. मला आनंद झालाच. पण आनंद झालेला माणूस आणि हरलेला माणूस एकाच शरीरात राहायला लागले की जेवण नीट पचत नाही.

दोन महिन्यांनी स्पर्धा आयोगाचं पाकीट आलं. मी ते इमारतीतल्या सगळ्यांसमोर फोडलं, कारण माझ्या तक्रारीची दखल घेतली गेली अशी माझी खात्री होती. दखल घेतली होती, पण तक्रार व्यापारी संघाची होती. आरोपी आम्ही! अकरा रहिवाशांनी संगनमत करून भाव पाडण्याचा कट केला. सोबत पुराव्याची प्रत. बैठक, ठराव, सह्या. पहिली माझी. शिवाय सात पोचपावत्या.

"यात 'संगनमत' हा शब्द नसता तर..." सर्वज्ञ म्हणाले. वकीलकाकांना एकदम खोकला आला.

सुनावणीला आम्ही अकरा जण इस्त्रीचे कपडे घालून गेलो. ही पण आली. म्हणाली, गंमत बघायला. समोर सात दुकानदार, शेवटच्या खुर्चीवर त्या बाई. मधोमध अधिकारी मॅडम. चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या.

आधी अध्यक्ष उठले. बिल्ला चमकत होता.

"मॅडम, आम्ही सरळ माणसं आहोत," ते म्हणाले. "आमच्या गल्लीत कधी भांडण नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही सातही जण माझ्या दुकानात बसतो, चहा घेतो आणि सगळ्यांचा मिळून एक भाव ठरवतो. कुणी कमी करायचा नाही, कुणी जास्त करायचा नाही. कार्डासोबत काय द्यायचं तेही तिथेच ठरतं. इतका एकोपा! आणि या लोकांनी तो मोडायचा घाट घातला."

वकीलकाकांनी माझा गुडघा इतका जोरात दाबला की मी उभाच राहणार होतो.

"असं तुम्ही दर महिन्याला ठरवता, याला काही आधार?" मॅडमनी विचारलं. आवाज अगदी मऊ.

"आहे ना!" अध्यक्षांनी अभिमानाने पिशवीतून जाड वही काढली. "चार वर्षांचं इतिवृत्त आहे. सगळ्यांच्या सह्यांसकट."

"द्या बरं इकडे," मॅडम म्हणाल्या. वही त्यांनी उघडली, दोन पानं वाचली, मिटली आणि तिच्यावर कोपर ठेवलं. ते कोपर सुनावणी संपेपर्यंत हललं नाही. अध्यक्षांचा हात वही परत घ्यायला एकदा पुढे आला आणि तसाच माघारी गेला. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा कुठे काहीतरी उजाडत होतं.

मग शेवटच्या खुर्चीवरच्या बाई उठल्या. हिने त्यांच्याकडे बघून हळूच मान हलवली.

"त्या वहीत माझीही सही आहे," बाई म्हणाल्या. "नाही केली तर माल मिळत नाही. हे पत्र बघा. गरुडवाल्यांच्या वितरकाचं. काचेत खार दिसली तर पुरवठा बंद, असं लिहिलंय. मी पाच वर्षं चांगला माल चोरून विकतेय, मॅडम. चोरीचा नसताना."

मॅडमनी पत्र वाचलं आणि तेही कोपराखाली ठेवलं. दुकानदारांची, वितरकाची आणि गरुडवाल्या कंपनीची रीतसर चौकशी होईल, बाईंचा पुरवठा तोवर कुणी तोडायचा नाही, असा आदेश त्यांनी तिथल्या तिथे लिहवून घेतला. बाई खाली बसल्या. हिने त्यांना आपल्याकडची पाण्याची बाटली दिली.

आता आमची पाळी. मी उठून ताठ उभा राहिलो. शिक्षा काय असेल याचा अंदाज नव्हता, पण मान खाली घालायची नाही हे ठरलं होतं.

"तुमचा ठराव चुकीचाच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण अकरा गिऱ्हाइकांनी बाजारावर काही परिणाम होत नाही. तुमचं संगनमत नगण्य आहे. तक्रार निकाली. जा."

वकीलकाका "आभारी आहोत" म्हणून दाराकडे निघालेसुद्धा. मी हललो नाही.

"नगण्य?" मी म्हणालो.

"हो."

"मॅडम, मी तीस वर्षं वजनमापं तपासली. नगण्य म्हणजे मोजण्यातच न येणारं. आम्ही अकरा जण मोजले गेलो आहोत. सह्या आहेत. सात पोचपावत्या आहेत. एक बैठक पार्किंगमध्ये गाड्या बाजूला काढून झाली आहे."

"अहो," मागून हिचा आवाज आला.

"तुम्हाला दोषी ठरायचंय का?" मॅडमनी चष्मा काढला.

"नाही. पण नगण्यही ठरायचं नाही. 'अल्प' लिहा."

"अल्प लिहिलं तर दंड करावा लागेल."

वकीलकाकांनी माझा शर्ट मागून ओढला. सर्वज्ञांनी दोन्ही हात जोडले. ही तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळली होती आणि तिचे खांदे हलत होते. मी तसाच उभा. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, बाहेर ताटकळत असलेल्या पुढच्या पक्षकारांकडे पाहिलं. मग पेन उचललं, एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला आणि कागद माझ्याकडे फिरवला.

अत्यल्प.

मी थोडा विचार केला आणि मान्य केलं. खोडाखोड झाली म्हणून मॅडमनी बाजूला छोटी सही केली आणि तिच्यावर गोल शिक्का मारला. नगण्य माणसासाठी कुणी एवढं करतं का?